निरोप पोचेलच असं नाही

मोबाइल अ‍ॅपच्या कामाचं कुठलंही कोटेशन काढून बघा. लॉगिन, प्रोफाइल, पेमेंट, रिपोर्ट अशा ओळी होत होत अगदी शेवटी, बेरजेच्या जरा वर, एक ओळ असते : पुश नोटिफिकेशन. तिच्यापुढे बहुधा एक किंवा दोन दिवस लिहिलेले असतात. हा अंदाज खोटा नसतो. फायरबेसवर प्रोजेक्ट उघडायचा, तिथली कॉन्फिगरेशनची फाइल अ‍ॅपमध्ये आणून टाकायची, लायब्ररी जोडायची आणि कन्सोलवरून ‘टेस्ट’ असं लिहून पाठवायचं. सकाळी सुरुवात केली तर दुपारच्या चहापर्यंत टेबलावरचा फोन वाजतो. ग्राहकाला त्याचा व्हिडिओ जातो आणि त्या ओळीवर ‘झालं’ची खूण पडते.

दोन-तीन महिन्यांनी ग्राहकाचा फोन येतो, ‘‘अहो, लोकांना नोटिफिकेशन येत नाहीत.’’ कुणाला येत नाहीत, कधीपासून, कुठल्या फोनवर, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. खरं सांगायचं तर ते आपल्याकडेही नसतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळं हिरवंगार असतं. हजार पाठवले, हजार स्वीकारले. पण कुणी स्वीकारले? गूगलने किंवा अ‍ॅपलने. माणसाच्या हातातल्या फोनने ते स्वीकारले की नाही, हा वेगळाच प्रश्न आहे आणि या पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग त्या एका प्रश्नात गेला आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं : नोटिफिकेशन पोचेलच असं धरून अ‍ॅप बांधू नये. ते पोचलं नाही तरी कुणाचं काम अडणार नाही अशा बेतानं अ‍ॅप बांधावं, आणि एवढं झाल्यावर मग ते पोचावं म्हणून जिवाचं रान करावं. हा क्रम उलटा झाला की अ‍ॅप पहिल्या दिवशी छान चालतं आणि नंतर कुरकुरत राहतं.

हे असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. स्मार्टफोन नवे होते तेव्हा अडचण बॅटरीची होती. सर्व्हरवर नवं काही आलं का, हे अ‍ॅपला कळण्याचा सरळ मार्ग म्हणजे मधून मधून विचारत राहणं. दर पाच मिनिटांनी विचारायचं तर दिवसाला २८८ वेळा. फोनमध्ये अशी वीस अ‍ॅप असली तर पाच हजार सातशे साठ. त्यातल्या बहुतेक वेळा उत्तर ‘काही नाही’ हेच, आणि तेवढ्यासाठी दर वेळी फोनचा रेडिओ जागा करायचा. तोही काम झाल्या झाल्या झोपत नाही, काही सेकंद जागाच राहतो. एखाद्या वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाने ‘आमचं टपाल आलं का’ हे विचारायला दर पाच मिनिटांनी पोस्टात माणूस धाडावा, तसा हा प्रकार. त्यापेक्षा साऱ्या वाड्यासाठी एकच पोस्टमन बरा, हे कुणालाही सुचेल. ब्लॅकबेरीचे फोन ईमेलपुरतं हे आधीपासून करत होते. साऱ्या अ‍ॅपसाठी मिळून एकच जोडणी ठेवायची ही कल्पना अ‍ॅपलने जून २००८ मध्ये आपल्या डेव्हलपर परिषदेत मांडली. त्या काळी आयफोनवर बाहेरच्या अ‍ॅपला मागे चालू राहायची मुभाच नव्हती. त्याऐवजी ही सेवा घ्या, सप्टेंबरपर्यंत देतो, असं सांगितलं गेलं. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, आणि सेवा आली ती जून २००९ मध्ये, आयफोन ओएस ३.० बरोबर. आपल्या कोटेशनमध्ये जी ओळ दोन दिवसांची असते ती खुद्द अ‍ॅपलला नऊ महिने उशिरा जमली, हे जाता जाता ग्राहकाला सांगायला हरकत नाही.

गूगलने २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ बरोबर आपली सेवा आणली. तिचं पहिलं नाव सीटूडीएम, २०१२ मध्ये जीसीएम, २०१६ मध्ये फायरबेस क्लाउड मेसेजिंग, म्हणजे आज सगळे ज्याला एफसीएम म्हणतात ते. नावं बदलली एवढ्यावर हे थांबलं नाही, प्रत्येक वेळी जुना रस्ता काही काळाने बंद झाला. जीसीएम २०१९ मध्ये बंद झालं. एफसीएमला निरोप देण्याची जुनी पद्धत, ज्यात ‘सर्व्हर की’ नावाची एक लांबलचक किल्ली हेडरमध्ये घातली की भागायचं, ती २०२४ मध्ये मोडीत निघाली. आता अल्पमुदतीचं अ‍ॅक्सेस टोकन मिळवून ‘एचटीटीपी व्ही वन’ या मार्गानेच जावं लागतं. अ‍ॅपलनेही आपला जुना बायनरी प्रोटोकॉल मार्च २०२१ अखेर बंद केला. इंटरनेटवर या विषयावर जे धडे आणि व्हिडिओ मिळतात त्यातले पुष्कळ या तारखांच्या आधीचे आहेत. ते पाहून कोड उतरवला की चुकतं कुठे हेच कळत नाही, कारण धडा चुकीचा नसतो, शिळा असतो. या पुस्तकातलाही काही भाग उद्या शिळा होईल. म्हणून कोडपेक्षा रचना समजावण्यावर मी भर दिला आहे.

रचना तशी साधी. अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की ते फोनच्या प्रणालीकडे एक टोकन मागतं. हे टोकन म्हणजे ‘या फोनवरचं हे अ‍ॅप’ एवढाच पत्ता. त्यात माणसाचं नाव नसतं. अ‍ॅप ते आपल्या सर्व्हरकडे देतं, सर्व्हर जपून ठेवतो. निरोप पाठवायचा झाला की सर्व्हर टोकन आणि मजकूर एफसीएमकडे देतो. अँड्रॉइड फोन असेल तर एफसीएम तो थेट फोनकडे पोचवतं. आयफोन असेल तर एफसीएम तो अ‍ॅपलच्या सेवेकडे, म्हणजे एपीएनएसकडे, सोपवतं आणि पुढचा प्रवास अ‍ॅपलच्या हाती. म्हणजे आपल्या सर्व्हरपासून माणसाच्या नजरेपर्यंत निरोप किमान दोन, कधी तीन परक्या हातांतून जातो. यातला कुणीही आपल्याला पोचण्याची हमी देत नाही. कागदपत्रं नीट वाचली तर दोन्ही कंपन्यांनी हे स्पष्ट लिहून ठेवलेलं सापडतं. पण कागदपत्रांचा तो भाग कोण वाचतो?

त्यातही अगदी बारीकसारीक गोष्टी आडव्या येतात. एफसीएमची जोडणी साधारणपणे ५२२८ ते ५२३० या पोर्टांवरून होते, एपीएनएसची ५२२३ वरून. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर हे पोर्ट अडवलेले असले तर सोय म्हणून ४४३ चा मार्ग आहे, पण तो प्रत्येक जाळ्यात सुरळीत चालतोच असं नाही. ‘‘घरी येतं, ऑफिसात येत नाही’’ अशी तक्रार आली तर कोड उघडण्याआधी त्या माणसाला वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघायला सांगा. 

टोकनचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब आहे, आणि ते लांब का, हा प्रश्न हस्तलिखित वाचणाऱ्या मित्रांनीही विचारला. उत्तर असं, की टोकन कायमचं नसतं. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, फोन बदलून बॅकअप चढवला, अ‍ॅपचा डेटा पुसला, की ते बदलतं. अँड्रॉइडवर अ‍ॅप २७० दिवस जोडणीतच आलं नाही तर एफसीएम त्याचं टोकन बाद धरतं. मेलेल्या टोकनवर पाठवलं की एपीएनएस ४१० हा आकडा परत देतं, एफसीएम ‘अनरजिस्टर्ड’ म्हणतं. हे उत्तर वाचून ती नोंद काढून टाकायची, एवढंच काम. ते न केल्यामुळे पाच-सहा वर्षं जुन्या अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये जिवंत टोकनांपेक्षा मेलेली जास्त झालेली असतात, आणि ‘आमचे दोन लाख युजर’ हा आकडा त्यांच्यासकट सांगितला जातो.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे एकाच फोनवर बदलणारी माणसं. आपल्याकडे फोन घरात फिरतो. थोरल्याचा जुना फोन धाकट्याकडे, मुलाचा वडिलांकडे, दुकानातला फोन आज या पोऱ्याकडे तर उद्या त्या. पतसंस्थेच्या अ‍ॅपमधून एकाने लॉगआउट केलं आणि दुसऱ्याने लॉगिन केलं, पण सर्व्हरने टोकन पहिल्याच्या नावावरून काढलं नाही, तर पहिल्याच्या थकलेल्या हप्त्याचा निरोप दुसऱ्याच्या लॉक स्क्रीनवर उमटतो. गावात अशा गोष्टीचे परिणाम काय होतात हे सांगायला नको. लॉगआउट झाल्याबरोबर सर्व्हरवरची टोकनची गाठ सोडायची, हा नियम मी जाड अक्षरात छापायला सांगितला आहे.

आता लासलगाव. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातला हा कांद्याचा बाजार पुस्तकभर येत राहील, म्हणून इथेच त्याची ओळख करून देतो. समजा, लिलावाचे भाव शेतकऱ्यांना कळवणारं एक अ‍ॅप आपण करतो आहोत. किमान, कमाल आणि सरासरी, क्विंटलमागे. सकाळी लिलाव सुरू झाला, भाव निघाला, निरोप गेला. दुपारी दुसऱ्या सत्राचा भाव बदलला, पुन्हा निरोप गेला. एक शेतकरी या वेळी शेतात आहे, तिथे रेंज नाही. दुसऱ्याचा फोन चार्जिंगअभावी बंद आहे. ते दोघं संध्याकाळी घरी येतात, फोन जाळ्यात येतो आणि एफसीएमने साठवून ठेवलेले निरोप एकापाठोपाठ पडतात. सकाळचा भाव, दुपारचा भाव, मधला ‘आवक वाढली’ असा एक. सकाळचा चढा आकडा वर राहिला आणि तोच खरा समजून शेतकऱ्याने दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर भरला, तर अ‍ॅपने त्याला मदत केली की त्याचं नुकसान केलं?

या एका प्रसंगात पुश नोटिफिकेशनचं निम्मं शास्त्र येतं. पहिली गोष्ट मुदतीची. आपण काही सांगितलं नाही तर एफसीएम निरोप चार आठवड्यांपर्यंत धरून ठेवतं. तीच कमाल मुदत आणि तीच न सांगता लागू होणारी. ‘तुमचं खातं उघडलं’ या निरोपाला ती चालेल, कांद्याच्या भावाला नाही. सकाळच्या भावाचं आयुष्य दुपारच्या सत्रापर्यंत. तेवढ्याच सेकंदांची मुदत घालून द्यायची, म्हणजे तो संध्याकाळी पोचणारच नाही. इथे न पोचणं हेच बरोबर काम झालं.

दुसरी गोष्ट जुन्याची जागा नव्याने घेण्याची. ‘कोलॅप्स की’ दिली की रांगेत थांबलेल्या त्याच किल्लीच्या जुन्या निरोपाऐवजी फक्त शेवटचा राहतो. पण रांगेतला निरोप बदलणं वेगळं आणि पडद्यावर आधीच उमटलेला बदलणं वेगळं. अँड्रॉइडवर त्या दुसऱ्या कामासाठी ‘टॅग’ द्यावा लागतो. अ‍ॅपलकडे ‘कोलॅप्स आयडी’ पडद्यावरचाही बदलते. ही दोन कामं एकच समजण्याची चूक फार होते. आणखी एक खाच : एफसीएम एका फोनसाठी एका वेळी चारच वेगवेगळ्या कोलॅप्स की सांभाळतं. लासलगाव, पिंपळगाव, मनमाड, येवला आणि सिन्नर अशा पाच बाजारांसाठी पाच किल्ल्या केल्या, तर त्यातल्या कुठल्या चार टिकतील याची हमी कुणी देत नाही. उलट कोलॅप्स की दिलीच नाही, तर शंभरपर्यंत निरोप साठतात, आणि त्यापुढे गेले की साठलेले सगळेच टाकून दिले जातात. अ‍ॅपला फक्त ‘काही निरोप गळाले’ एवढं कळवलं जातं.

मग करायचं काय? पाच बाजारांचा एकच गठ्ठा करायचा, ‘भाव बदलले’ असा एक निरोप पाठवायचा आणि अ‍ॅप उघडताच ताजे आकडे सर्व्हरवरून आणायचे. हे आणणं नोटिफिकेशनवर अवलंबून ठेवायचं नाही. शेतकऱ्याने नोटिफिकेशन न येताही अ‍ॅप उघडलं तर त्याला तोच ताजा भाव, वर तारीख आणि वेळ घालून, दिसला पाहिजे. वर जे ‘बेतानं बांधावं’ म्हटलं त्याचा अर्थ हा. मला तर वाटतं, नोटिफिकेशनचा कोड तात्पुरता बंद करून अ‍ॅप आठवडाभर वापरून बघावं. ज्या ज्या ठिकाणी काम अडेल तिथे तिथे रचनाच चुकली आहे.

तातडीचाही प्रश्न याच प्रसंगात आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन निपचित पडला की ‘डोझ’ नावाच्या झोपेत जातो आणि साधे निरोप तो जागा होईपर्यंत थांबवले जातात. ‘हाय प्रायॉरिटी’ लावलं की फोन उठवला जातो. हे कळल्यावर सगळेच निरोप हाय प्रायॉरिटी करून टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. फोन उठवून माणसाला काहीच दाखवलं नाही, असं वारंवार झालं तर एफसीएम त्या अ‍ॅपच्या निरोपांची तातडी आपणहून उतरवतं. अ‍ॅपलकडे गुपचूप मागे काम करवणाऱ्या सायलेंट निरोपांबाबत तासाला दोन-तीनपेक्षा जास्त नकोत अशी सूचनाच आहे. लिलाव सुरू असताना भाव तातडीने जावा, ‘आमच्या अ‍ॅपला पाच तारे द्या’ सावकाश गेला तरी चालेल. न गेला तर उत्तम.

आता त्या फोनवाल्यांबद्दल, ज्यांच्यावर ग्राहकाच्या तक्रारींचा मोठा वाटा जमा होतो. अँड्रॉइड गूगलचं असलं तरी फोन बनवणारी प्रत्येक कंपनी त्यावर आपले थर चढवते. बॅटरी दोन दिवस टिकते अशी जाहिरात करायची तर मागे चालणारी अ‍ॅप मारावी लागतात. काही फोनांवर अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून अ‍ॅप सरकवून टाकलं की ते ‘फोर्स स्टॉप’ केल्यासारखं धरलं जातं, आणि फोर्स स्टॉप झालेल्या अ‍ॅपला माणसाने ते स्वतः पुन्हा उघडेपर्यंत एफसीएमचा निरोप मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या बड्या अ‍ॅपना अशा फोनांवर बहुधा आधीच सूट दिलेली असते, त्यामुळे माणूस म्हणतो, ‘‘व्हॉट्सअ‍ॅपचं येतं, मग तुमचंच का नाही?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर ऑटोस्टार्ट आणि बॅटरी सेव्हरच्या सेटिंगमध्ये कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या पडद्यावर दडलेलं असतं, आणि ते प्रत्येक कंपनीच्या फोनवर वेगळ्या जागी. यावर जादूचा तोडगा नाही. अ‍ॅपमध्ये ‘नोटिफिकेशन येत नाही?’ असं एक साधं पान ठेवावं, त्या त्या फोनवर काय दाबायचं ते मराठीत, चित्रांसह सांगावं. हे पान मी बऱ्याच नावाजलेल्या अ‍ॅपमध्ये शोधलं आणि फार थोड्यांत सापडलं.

निरोप पाठवण्याच्या किल्ल्यांविषयी एकच किस्सा पुरे. ऑगस्ट २०२० मध्ये जगभरच्या अँड्रॉइड फोनांवर मायक्रोसॉफ्ट टीम्स आणि गूगल हँगआउट्सच्या नावाने, पुढे चार उद्गारचिन्हं असलेलं, एफसीएमची चाचणी असल्याचं सांगणारं नोटिफिकेशन उमटलं. त्या दोन्ही कंपन्यांनी ते पाठवायचं ठरवलेलं नव्हतं. त्याच्या थोडेच दिवस आधी एका सुरक्षा संशोधकाने दाखवलं होतं, की कित्येक अ‍ॅपच्या इन्स्टॉल करायच्या फाइलीतच एफसीएमची सर्व्हर की उघडी पडलेली सापडते, आणि ती हाती आली की त्या अ‍ॅपच्या साऱ्या युजरना हवा तो निरोप धाडता येतो. इतक्या मोठ्या घरी हे होऊ शकतं, तर आपलं काय? पाठवण्याची किल्ली सर्व्हरवरच राहिली पाहिजे, अ‍ॅपमध्ये कधीही नाही, गिटहबवर तर नाहीच. आयफोनसाठी जुनी ‘पी १२’ सर्टिफिकेटं अजून वापरत असाल तर ती वर्षभराने संपतात आणि त्या दिवशी सारे आयफोन एकाएकी गप्प होतात. ‘पी ८’ किल्लीला अशी मुदत नाही. बदल करायला तासभर पुरतो.

मराठीत निरोप पाठवणाऱ्याला एक अडचण आहे, जिचा इंग्रजी पुस्तकांत उल्लेख सापडत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘लासलगाव’ या शब्दात सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. रोमनमध्ये तोच शब्द नऊ बाइटांत बसतो. २००९ मध्ये एपीएनएसच्या साऱ्या निरोपाची मर्यादा २५६ बाइट होती. आजूबाजूचं वेष्टण वजा केलं तर पंचाहत्तर-ऐंशी चिन्हं उरायची. त्यात सर्व्हरच्या लायब्ररीने देवनागरी चिन्हं ‘बॅकस्लॅश यू’ अशा रूपात लिहिली तर प्रत्येकाला सहा बाइट, आणि उरलेली जागाही निम्मी. तेव्हा ‘प्रिय शेतकरी बांधवांनो’ एवढ्यालाच ६२ बाइट जायचे आणि भाव सांगायच्या आधीच पाव जागा संपायची. २०१४ मध्ये मर्यादा दोन किलोबाइट झाली, २०१५ अखेर चार. एफसीएमचीही चारच आहे. आज जागेची टंचाई नाही, पण सवयी उरल्या आहेत. मजकूर बाइट मोजून कापणारा कोड अजून कित्येक सर्व्हरवर आहे, आणि तो ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द मधोमध तोडून शेवटी प्रश्नचिन्हाची काळी चौकट लावतो. कापायचंच तर शब्दावर कापा.

साचेही मराठीत गोत्यात आणतात. इंग्रजी साच्यात वस्तूचं नाव बदललं की काम होतं. मराठीत साडी निघाली, मोबाइल निघाला, पार्सल निघालं. दुकानाच्या अ‍ॅपने ‘तुमचा पैठणी निघाला आहे’ असं कळवलं की गिऱ्हाइकाला दुकानावर विश्वास ठेवावासा वाटत नाही. ‘तुमची ऑर्डर निघाली : पैठणी’ असं वाक्य फिरवलं तर लिंगाची कटकटच मिटते. अशा फिरवलेल्या वाक्यांचा एक संग्रह परिशिष्टात दिला आहे. आकडा आधी, नमस्कार-चमत्कार नंतर किंवा नकोच, हे पथ्यही पाळा. बंद पट्टीत पहिली ओळच काय ती दिसते.

परवानगीबद्दल मी थोडं कडवट लिहिलं आहे, अशी तक्रार आली. ती मान्य करूनही मजकूर बदललेला नाही. आयफोनवर परवानगी पहिल्यापासून मागावी लागते. अँड्रॉइडवर २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपर्यंत ती गृहीत होती. आता तिथेही विचारावं लागतं आणि माणसाने दोनदा नाही म्हटलं की प्रणाली तो प्रश्न पुन्हा दाखवू देत नाही. हा बदल का आला? कारण आपण, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांनी, ती गृहीत परवानगी वाया घालवली. रात्री अकराला सवलत, पहाटे ‘आम्हाला तुमची आठवण येते’, सणाला शुभेच्छा आणि सुतकातही शुभेच्छा. व्यापारी एसएमएसवर ट्रायचे नियम आहेत, मजकुराचे मंजूर साचे आहेत, डीएनडी आहे. पुश इंटरनेटवरून जातो, तो त्या चौकटीत बसत नाही, म्हणून एसएमएसच्या बाजूला जे जमलं नाही ते सगळं इकडे आलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांचे तेरा प्रकार नोंदवून मनाई केली. त्यात खोटी घाई दाखवणं आणि सतत टोचत राहणं हे दोन्ही आहेत. ‘शेवटची ५ मिनिटं!’ असं रोज पाठवणाऱ्यांनी ती मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचावीत.

विचारायचं कधी? अ‍ॅप उघडल्याबरोबर नक्कीच नाही. तेव्हा माणसाला अ‍ॅप काय आहे हेच माहीत नसतं. शेतकऱ्याने लासलगाव बाजार निवडला, आजचा भाव पाहिला, तिथेच खाली ‘उद्याचा भाव निघाला की कळवू का?’ असं आपलं आपण विचारावं. तो हो म्हणाला तरच प्रणालीचा प्रश्न पुढे करावा. आणि अँड्रॉइड ८ पासून आलेले चॅनेल नीट पाडावेत : भाव वेगळा, बाजार बंदची सूचना वेगळी, जाहिरात वेगळी. सगळं एकाच चॅनेलमध्ये कोंबलं की जाहिरातीला वैतागलेला माणूस चॅनेल बंद करतो आणि भावही जातो. चॅनेल एकदा तयार झालं की त्याचं महत्त्व वाढवणं अ‍ॅपच्या हाती राहत नाही, ते फोनच्या मालकाच्या हाती जातं. तसंच असायला हवं.

खासगीपणाचा मुद्दा मी एका छोट्या प्रकरणात आटोपला आहे, पण तो वगळू नका. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांनी आपल्या न्याय खात्याला पत्र लिहून उघड केलं, की सरकारं अ‍ॅपल आणि गूगलकडून पुश नोटिफिकेशनच्या नोंदी मागवतात. साऱ्या निरोपांची वाट या दोन घरांतूनच जाते म्हटल्यावर हे आश्चर्याचं नाही. सिग्नलसारखं अ‍ॅप पुशमध्ये मजकूर घालतच नाही. ‘ऊठ, काहीतरी आलं आहे’ एवढीच खूण पाठवतं आणि मजकूर अ‍ॅप स्वतः आणतं. दवाखान्याचा अहवाल, थकबाकी, न्यायालयाची तारीख असं काही तुमच्या अ‍ॅपमध्ये असेल तर हाच मार्ग धरा.

पुस्तकाला दोन प्रकारचे वाचक मिळावेत अशी इच्छा आहे. पहिले अर्थात कोड लिहिणारे. ज्यांनी एखादं तरी अ‍ॅप केलं आहे त्यांना कुठेही अडायला होऊ नये. दुसरे, अ‍ॅप बनवून घेणारे : पतसंस्थेचे सचिव, दूध संघाचे व्यवस्थापक, शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी कोडची पानं बेलाशक उलटावीत, पण टोकन, मुदत आणि परवानगी ही तीन प्रकरणं वाचावीत, म्हणजे ‘दोन दिवसांचं काम’ ही ओळ कोटेशनमध्ये दिसली की काय विचारायचं ते त्यांना कळेल.

कोड लिहिणाऱ्यांना एक विनंती. वाचायला बसण्याआधी तीन-चार वर्षं जुना, स्वस्तातला एक अँड्रॉइड फोन मिळवा. त्यावर बॅटरी सेव्हर चालू करा, डेटा बंद करा, तुमच्याच अ‍ॅपचे दहा निरोप पाठवा, अ‍ॅप सरकवून टाका, फोन रात्रभर कपाटात ठेवा. सकाळी डेटा चालू करून काय काय आलं, कुठल्या क्रमाने आलं आणि काय आलंच नाही, ते कागदावर लिहा. तो कागद हाताशी ठेवून पहिलं प्रकरण उघडा.